पाठ न होणारं पुस्तक

विश्वंभररावांची उभी हयात सिद्धेश्वरच्या धरणावर कारकुनीत गेली. जाड फाईल म्हणजे महत्त्वाचं काम, हे तिथं अंगात मुरलेलं. त्यामुळे निवृत्तीनंतर बुद्धिबळ सुधारायचं मनावर घेतलं, तेव्हा त्यांनी दुकानातलं सगळ्यात जाड पुस्तक उचललं. डाव कसा सुरू करावा, याच्या सातशे पानं भरून चाली. आणि घरात पाठांतराची सवय पिढीजात, म्हणून गडी पोथीसारखं ते पाठ करायला बसला. आता याला काय म्हणावं!

चार महिने झाले तरी पहिलं पानसुद्धा डोक्यात राहीना. ज्या माणसानं आठव्या वर्षी स्तोत्रांमागून स्तोत्रं मुखोद्गत केली, त्याला वीस चाली आठवेनात. विश्वंभररावांचे वडील शेवटी शेवटी संध्येचे मंत्र विसरले होते, आणि मग लेकाचं नाव. आपलीही तीच वाट सुरू झाली, असं त्यांनी धरूनच टाकलं. बायकोला, अनुसूयाबाईंना, मात्र चकार शब्दानं सांगितलं नाही.

अशात एका रविवारी हिंगोलीहून त्यांची भाची जाई आली. ती तिथं मुलांना बुद्धिबळ शिकवते. मामांचं पुस्तक चाळून तिला हसूच आलं.

"मामा, हे पाठ करायचं नसतं. अडलं की उघडून बघायचं, शब्दकोशासारखं. माझ्याच्यानंबी न्हाई व्हणार पाठ."

पिशवीतून तिनं एक बोटभर जाडीचं पुस्तक काढलं. पानापानावर पटाची चित्रं, आणि दोन चालींत मात शोधायची. आधी दहा चित्रं सोडवून बघायची; दहाच्या दहा सुटली तर पुस्तक सोपं, दोनच सुटली तर त्याला अजून वेळ आहे, सहा-सात सुटली की ते आपलं, असं तिनं समजावलं. मामा भीतभीतच बसले. पहिल्या चित्रापाशी घाम फुटला. दुसऱ्यात घोडा दिसला. तिसऱ्यात वजीर मारू द्यायचा, हे आपसूक सुचलं. तासाभरात सात सुटली.

जाई गेल्यावर त्यांनी अनुसूयाबाईंना सगळं सांगून टाकलं, वडिलांचं आणि स्वतःच्या भीतीचंही. छातीवरचा धोंडा उतरला होता. सांगता सांगता हसू फुटत होतं.

बाईंनी निवडायची मेथी बाजूला ठेवली.

"मला ठाऊक व्हतं, रोज त्याच पानाशी अडलेले दिसत व्हतात. जाईला मीच बोलावून घेतलं. चार महिने झाले, रोज तुमचे पूजेतले मंत्र कान देऊन ऐकून राहिले, कुठं अडखळता का म्हणून. एकदाबी न्हाई अडखळलात."

"मग मला सांगितलं काहून न्हाईस?"

"तुमी कुठं सांगितलं?" बाई म्हणाल्या, आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं रडू त्यांना आता कुठं आलं.