मळमळीला दोन स्टार

“ती गोळी आधी खिशात घाल! सगळे बघतायत.”

“बघू देत की. ताई, आ कर.”

“हात लावलास ना तिच्या तोंडाला, तर घरात पाय ठेवू देणार नाही तुला,” आई दातावर दात दाबून म्हणाली. रांग हॉलच्या दारापासून पार जिन्यापर्यंत गेलेली, आणि अख्खी रांग माना वळवून आमच्याकडे. ताई आमच्या दोघांच्या मधे उभी. तोंड घट्ट मिटलेलं. माझी बाही धरून एवढंच म्हणाली, “नको रे. इथं नको.”

ताईला लहानपणापासून फिट येतात. डॉक्टरबाईंच्या गोळ्या सुरू झाल्यावर तीन वर्षांत एकही आली नव्हती. म्हणून तर छापखान्याच्या मालकांनी तिला कटिंग मशीनवर घेतलं. हातभर लांब पातं, पाचशे कागद एका दमात कापतं. शाळा सोडल्यापासून मीही तिथंच कागद मोजतो, गठ्ठे बांधतो. ते पातं मी रोज बघतो. आणि टोपीसरांनी ताईची गोळी बंद करून त्या दिवशी अठरा दिवस झाले होते.

टोपीसर हे नाव मी ठेवलेलं. हॉलच्या पाटीवर ‘न्यूरोफीडबॅक केंद्र’ असं लिहिलेलं. डोक्यावर वायरींची टोपी घालायची आणि चाळीस मिनिटं पडद्यावरच्या लुकलुकणाऱ्या पिवळ्या फुग्याकडे बघायचं. मेंदू शांत झाला की फुगा वर जातो म्हणे. राग, विसरभोळेपणा, अर्धशिशी, फिट, सगळ्यांना एकच फुगा. मग सर कोपऱ्यातल्या कापडी पडद्यामागं जायचे, आत घरघर व्हायची, आणि ते रंगीत रिपोर्ट घेऊन बाहेर यायचे. नाव पेनानं घालून द्यायचे. लोक तो रिपोर्ट घरी भिंतीवर चिकटवायचे. आमच्याही स्वयंपाकघरात अकरा लागले होते.

पण खरी मजा त्याच्या आधी. सर माइक हातात घेऊन उभे राहिले.

“या आठवड्यात त्रास कोणाकोणाला झाला? लाजायचं नाही!”

“मला सर! तीन रात्री डोळ्याला डोळा नाही,” रिटायर्ड पोस्टमास्तर उठून म्हणाले. ऐट अशी, की शर्यत जिंकून आलेत.

“वा! टाळ्या!” भिंतीवरच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे सोनेरी स्टार चिकटला.

शिवणवाल्या काकू ओशाळून म्हणाल्या, “मला नुसतंच मळमळतंय. ओकारी नाही झाली अजून.”

“होईल, होईल, धीर धरा! मळमळीला दोन स्टार!”

काकू खूश. मला तर तिथंच भडाभडा ओकारी होणार होती. चार तरी मिळाले असते.

“मेंदू म्हणजे पाण्याची टाकी,” सर सुरू झाले. “वर्षानुवर्षं धुतलीच नाही. आपण ढवळली की गाळ वर येणार. मग गाळ बघून घाबरायचं का?”

“नाही!” हॉल ओरडला.

“त्रास झाला तर गाळ निघतोय,” मी मागून विचारलं, “आणि नाहीच झाला तर?”

“तर टाकी स्वच्छ!”

“आणि माणूसच गेला तर?”

कोणीतरी फिस्सकन हसलं. आईनं मला चिमटा काढला. सर मात्र गोड हसले. “हा राग बघा. पुढचा मेंदू तापलाय याचा. वीस सेशन लागतील.” झालं. आता मी काहीही बोललो तरी तो माझा आजार.

तेवढ्यात ताई हळूच म्हणाली, “सर, माझा हात मधेच उडतो. सकाळी जास्त.”

“पाच स्टार!” सर किंचाळलेच. हॉलभर टाळ्या. आणि आईच्या डोळ्यांत पाणी आलं, आनंदाचं. पोरीची जन्माची गोळी सुटणार, एवढंच तिला दिसत होतं. मला बघवेना. मी जिन्यात जाऊन थुंकलो.

मंगळवारी छापखान्यात एका एजन्सीचं काम आलं. रंगीत कागद, वीस प्रकारचे, गठ्ठेच्या गठ्ठे. ताई कापत होती, मी लावत होतो. छापखान्यात कोणी वाचत नाही, फक्त मोजतात.

डाव्या हातानं गठ्ठा सरळ करायचा, हात काढायचा, मग उजव्या हातानं दांडी ओढायची. ताईनं हे हजारो वेळा केलंय. त्या दिवशी डावा हात आत असतानाच उजवा उडाला. पातं खाली आलं. क्षणभर मला काही दिसेचना. मग ताई खाली कोसळली आणि तिला फिट आली. मालकांनी मेन स्विच पाडला. एकजण चमचा घेऊन तिच्या तोंडात घालायला धावला, त्याला मी ढकलून दिलं. ताईला कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझा शर्ट घातला आणि तिच्या डाव्या हाताची बोटं मोजली. पाच. परत मोजली. पाच.

गेली होती ती फक्त बाही. निळ्या कापडाचा तुकडा गठ्ठ्यात अडकलेला, कडेला अगदी सरळ कापलेला. गठ्ठा वाकडा कापला गेला म्हणून रद्दीत टाकायला उचलला, आणि तेव्हा पहिल्यांदा मी तो कागद वाचला.

‘सेशन १४. नाव’, पुढे रिकामी रेघ. ‘शांतता ८१ टक्के. झोप उडणे, हात उडणे: शुभ लक्षण. औषध सुरू करू नये.’

ताईचं चौदावं सेशन अजून व्हायचं होतं.

संध्याकाळी त्याच रद्दीतला बारा नंबरचा कागद घरी नेला, भिंतीवर नुकताच लागलेला बारावा रिपोर्ट सोडवला आणि दोन्ही एकावर एक ठेवून उजेडात धरले. आलेखाचे उंटाच्या पाठीसारखे तेच दोन उंचवटे, केसाचाही फरक नाही.

“सगळ्यांचे मेंदू सारखेच सुधारतात,” आई म्हणाली. “सरांना फोन केला मी. मोठी फिट म्हणजे शेवटचा गाळ.”

“आई, हात गेला असता तिचा!”

“गेला का? नाही ना? मग?”



बुधवारी ताईला घेऊन डॉक्टरबाईंकडे गेलो. त्या ताईवर नाही, स्वतःवरच चिडल्यासारख्या बोलल्या. “मेंदूच्या लहरी मोजणारी खरी यंत्रं असतात. न्यूरोफीडबॅकही असतो. त्यानं डोकं दुखू शकतं, झोप उडू शकते, चिडचिड वाढू शकते. तसं झालं की थांबायचं असतं, बदलायचं असतं. टाळ्या नसतात वाजवायच्या! आणि फिटची गोळी अशी एकदम तोडली की फिट येणारच. त्यात वर लुकलुकणारा पडदा.” त्यांनी गोळी परत लिहून दिली.

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, “घेईन रे, पण लपून. आईचं मन मोडवत नाही.”

म्हणून रविवारी मी हॉलमध्ये सगळ्यांच्या आधी उठलो.

“सर, मलाही विद्या आलीय. आज काकूंचं दहावं सेशन ना? त्यांचा रिपोर्ट मी आत्ताच सांगतो.” बंद पाकीट पोस्टमास्तरांच्या हातात दिलं. “हे धरून बसा आजोबा. सोडू नका.”

सर हसले, पण घाम पुसला. नाही म्हणायचीही सोय नव्हती, हॉल गच्च भरलेला. चाळीस मिनिटं काकू फुग्याकडे बघत बसल्या. मग पडदा, घरघर, रिपोर्ट.

“चौऱ्याहत्तर टक्के!”

पोस्टमास्तरांनी पाकीट फोडलं. चौऱ्याहत्तर. तोच आलेख. खाली तीच ओळ, ‘किंचित मळमळ: शुभ लक्षण.’

मग एक मावशी हात जोडून माझ्याकडे आली. “बाळा, माझ्या मुलाचंही बघ ना रे!”

संताप संताप झाला. “अहो मावशी, मला काहीसुद्धा येत नाही! हे बघा!” आणि रद्दीचा अख्खा गठ्ठा हवेत उडवला. एक ते वीस, सगळी सेशनं लोकांच्या मांडीवर पडली. “मंगळवारीच आलंय हे आमच्या छापखान्यात! तुम्ही टोपी घालायच्या आधीच!”

“ते... ते नमुने आहेत. बॅकअप,” सर म्हणाले.

“माझ्या आजच्या मळमळीचा बॅकअप मंगळवारीच?” काकू टोपी ओढून काढत म्हणाल्या.

पोस्टमास्तरांनी टोपीची वायर हातात धरली आणि तिच्यामागं वाकून टेबलाखाली गेले. वर आले ते वायरचं टोक घेऊन. टोकाला नुसती चिकटपट्टी. कशालाच जोडलेलं नव्हतं. फुगा म्हणजे व्हिडिओ. मी पडदा ओढला तर घरघर करत होता एक जुना टेबलफॅन.

“तीन रात्री...” पोस्टमास्तर म्हणाले. “टाळ्या वाजवल्या रे तुम्ही माझ्यासाठी.”

त्या गोंधळात ताईनं माझ्यापुढं तळहात धरला. “दे.” आईसमोर, सगळ्यांसमोर, पाण्याशिवाय गोळी गिळली.

सर मागच्या जिन्यानं गेले. ऐकलंय की दुसऱ्या हॉलमध्ये नवी पाटी लागलीय आणि आपल्या हॉलमधलेच तिघं तिथं जातात. जा बाबांनो. पण जायच्या आधी एक विचारा: माझं बिघडलं तर तुम्ही काय म्हणाल? ‘तेही चांगलंच’ असं उत्तर आलं तर चपला घाला आणि चालू पडा. तुमचा त्रास म्हणजे तुमच्या शरीराची हाक असते. तिला स्टार चिकटवणाऱ्याला स्वतःचं डोकं देऊ नका, शाळा शिकला असाल तर मुळीच नाही.

ताई अजून कटिंग मशीनवर बसत नाही. डॉक्टरबाई हो म्हणेपर्यंत बाइंडिंगला आहे. ते रिपोर्ट आईनं एका दुपारी स्वतःच भिंतीवरून खरवडून काढले. माझ्याशी मात्र पंधरा दिवस बोलली नाही.

आत्ता आतून हाक आली, “अरे, ताईच्या गोळ्या कुठं ठेवल्यास? वेळ झाली ना तिची!”

निघतो.