फिकट

"परत धुवायचा?" मामांनी चंबू हातात घेत विचारलं. "सकाळपासून हा एकटाच आंघोळ करतोय, बाई. सर्दी होईल त्याला."

"धुवा हो. आणि शेवटी शुद्ध पाण्याने विसळा."

"म्हणजे रंग आला नाही?"

"आला. जास्त आला."

मामा प्रयोगशाळेचे मदतनीस. चंबू पालथा धरून ते नळाकडे गेले, तेवढ्यात बाईंनी खिडकी पूर्ण उघडली, चंबूखाली ठेवायची पांढरी फरशी उजेडाकडे सरकवली आणि लगेच पुन्हा मूळ जागी आणून ठेवली. हातांना काहीतरी चाळा हवा होता. दहावीच्या मुलींची प्रात्यक्षिक परीक्षा आता सुरू होणार होती. बाहेरच्या शाळेतून आलेले परीक्षक ऑफिसात चहा घेत होते, आणि त्यांना सांगायचा आकडा बाईंकडे अजून नव्हता.

प्रयोग नेहमीचाच होता. चंबूत आम्ल मोजून घ्यायचं, त्यात दर्शकाचे एक-दोन थेंब टाकायचे आणि वरच्या उभ्या नळीतून, म्हणजे ब्युरेटमधून, कॉस्टिक सोड्याचं द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं. आम्लात हा दर्शक पाण्यासारखा बिनरंगी राहतो. आम्ल संपलं की सोड्याचा पुढचा एकच थेंब सगळ्या द्रवाला गुलाबी करतो. तिथे थांबायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. परीक्षेआधी शिक्षिकेने स्वतः करून हा आकडा काढायचा, मग मुलींचे आकडे त्याच्याशी ताडून पाहायचे.

गुलाबी म्हणजे भडक गुलाबी नव्हे. दिसेल न दिसेल इतकाच, पण हलवल्यावरही टिकणारा. "फिकट, मुलींनो, फिकट," असं म्हणत बाई टेबलांमधून फिरायच्या, म्हणून त्यांचं नाव 'फिकट बाई' पडलं होतं. हे नाव बाईंना ठाऊक नाही, असा मुलींचा समज होता. यंदाच्या मुलींपैकी काहींच्या आयांचाही पूर्वी तोच समज होता.

गेल्या काही महिन्यांपासून बाईंना फिकट दिसत नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी औषधाच्या बाटलीचं लाल टोपण एकेका डोळ्यासमोर धरून रंग विचारला होता. एका डोळ्याने बाई म्हणाल्या, "विटकरी." दुसऱ्याने म्हणाल्या, "विटकरीच, पण धुऊन धुऊन विटलेला." डॉक्टरीणबाईंनी टोपण बाटलीला लावलं. डोळ्यामागची नस सुकत चालली होती. आधी रंग जातात, त्यातही लाल. औषधाने वेग कमी होईल, पण गेलेलं परत येणार नाही. बाईंनी घरी येऊन चष्म्याचा नंबर वाढलाय एवढंच सांगितलं. त्या रोज कपाटापुढे उभं राहून 'हे त्याच्यावर शोभतं का' असं विचारू लागल्या, तेव्हा नवरा म्हणाला, "सगळा संसार झाल्यावर माझ्या मताला किंमत आली म्हणायची."

शाळेत तर कुणाला कळू दिलंच नव्हतं. कळलं असतं तर मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, मायेनेच खांद्यावर हात ठेवून म्हटलं असतं, आता ग्रंथालय बघा, आरामाचं काम आहे. प्रयोगशाळेची किल्ली विज्ञानाच्या नव्या मॅडमकडे गेली असती. ग्रंथालयावर बाईंचा राग नव्हता. पण तिथे काही उकळत नाही, कशाचा साका खाली बसत नाही, कशात काही मिसळून रंग बदलत नाही.

मामांनी चंबू आणून ठेवला. बाईंनी पुन्हा आम्ल घेतलं आणि तोटी जरा सैल केली. थेंब पडत राहिले. त्या चंबू गोल हलवत राहिल्या, मान एकदा इकडे, एकदा तिकडे कलती करून पाहत राहिल्या. पाणी, पाणी, पाणी. मग अचानक तळाशी काहीतरी मळल्यासारखं दिसलं.

"अहो बाई, हे तर सरबत झालं," मामा म्हणाले.

बाईंनी तोटी बंद केली. मामांना विचारावं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. 'तुम्ही बघा आणि सांगा,' एवढं एकच वाक्य. पण मामांच्या पोटात काही राहत नसे. मधल्या सुट्टीपर्यंत ते साऱ्या शाळेत पोचलं असतं.

बाहेर चपलांचे आवाज आले. बाईंनी फळ्याकडे पाठ करून मनातल्या मनात हिशेब केला. इतका सोडा इतक्या पाण्यात, इतकं आम्ल, म्हणजे आकडा अमुक यायला हवा. परीक्षक आत आले. तरुण होते, गंभीर चेहऱ्याचे, आणि नाकाला रुमाल लावलेले.

"तुमचं रीडिंग, मॅडम?"

बाईंनी हिशेबाने काढलेला आकडा सांगितला. स्वतःचा आवाज त्यांना अगदी नेहमीसारखा वाटला.

मुली जोडीजोडीने उभ्या राहिल्या. काचेला काच लागल्याचे बारीक आवाज सुरू झाले. बाई एका टेबलापाशी थांबेनात. तोटीला हात लावून पाहत, स्टँडचा स्क्रू आवळत, कुणाची वेणी चंबूवर आली तर मागे टाकत त्या फिरत राहिल्या. तोंडाने मात्र आज काही बोलत नव्हत्या.

"बाई आज फिकट म्हणत नाहीयेत," मागच्या टेबलावर एक मुलगी कुजबुजली.

"परीक्षेत सांगायचं नसतं गं," दुसरी म्हणाली. "आपलं आपण म्हणायचं."

आणि त्या खरोखरच पुटपुटू लागल्या. फिकट, फिकट.

थोड्या वेळाने परीक्षक बाईंजवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "एक विचारू? तुमच्या मुली सगळ्या तुमच्या आकड्याच्या पुढे गेल्यात. एखाद-दुसरी नाही, सगळ्या. रंग आल्यावरही सोडतच राहतात की काय? वेळेवर थांबायचं शिकवलेलं दिसत नाही. गुण कापावे लागतील मला."

बाईंची नजर सोड्याच्या बाटलीकडे गेली. सगळ्या मुली चुकतात तेव्हा कुठे पाहायचं, हे त्यांना ठाऊक होतं. सोड्याचं द्रावण करून ठेवल्याला आठवडा उलटून गेला होता. ते हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि दमत जातं. दमलेलं द्रावण जास्त लागतं. मुलींचे आकडे मोठे येणारच होते. नुसता हिशेब हवेला मोजत नाही. म्हणून तर आधी करून पाहायचं असतं.

"बाई."

खिडकीजवळच्या टेबलावरची मुलगी होती. तिला कशाचीच खात्री नसे. उत्तर बरोबर असलं तरी ती खोडून पुन्हा तेच लिही. आता तिचे डोळे भरले होते.

"सर म्हणाले जास्त आलंय. मी परत केलं, तर परत तेवढंच येतंय. थोडं कमी लिहू का?"

"का?"

"माझंच चुकत असणार ना." तिने चंबू पांढऱ्या फरशीवरून उचलून बाईंच्या चेहऱ्यासमोर धरला. "बघा ना बाई, हा फिकटच आहे ना?"

बाईंनी पाहिलं. चंबूत पाणी होतं. पलीकडे खिडकीचे गज दिसत होते, त्याच्या पलीकडे भिंत. 'हो' म्हणायला काही लागणार नव्हतं. बहुधा ते खरंही असतं.

"तुला काय दिसतंय?"

"फिकट. अगदी फिकट, बाई. फरशीवर ठेवला नाही तर कळणारसुद्धा नाही."

"मग तुला आलाय तोच आकडा लिही. खोडू नकोस."

बाई सरळ परीक्षकांच्या टेबलापाशी गेल्या. त्यांना हळू बोलायचं होतं, पण त्याच वेळी सगळ्या तोट्या बंद झाल्या असाव्यात; बोलणं साऱ्या खोलीत ऐकू गेलं.

"सर, आकडा माझा चुकलाय. मुलींचा नाही."

"असं कसं? तुम्ही करून पाहिलंत ना?"

"पाहिलं. पण मला रंग दिसला नाही. म्हणून हिशेबाने काढून सांगितला."

"दिसला नाही म्हणजे?"

"म्हणजे दिसत नाही. फिकट रंग मला आता दिसत नाहीत. डोळ्यांचं दुखणं आहे, बरं होणारं नाही."

परीक्षकांनी रुमाल नाकापासून काढला आणि तो कुठे ठेवावा हे न सुचून हातातच धरला. नळापाशी मामांनी पाणी बंद केलं.

"मी थेंब सोडते," बाई म्हणाल्या. "तुम्ही चंबू हलवा आणि रंग आला की सांगा. फिकट असतानाच सांगा, म्हणजे झालं."

एक मुलगी फिसकन हसली आणि लगेच गप्प झाली.

बाईंनी तोटी धरली. आधी धार, मग थेंब, मग थेंबातलं अंतर वाढवत नेलं. डोळ्यांचं काम दुसऱ्याकडे गेल्यावर बोटं सकाळपासून पहिल्यांदाच घाई करीनाशी झाली. परीक्षक वाकून, श्वास रोखून पाहत होते.

"थांबा," ते म्हणाले. "आला."

"हलवून बघा. टिकतो?"

"टिकतोय."

त्यांनी नळीवरचा आकडा वाचला, मग खिडकीजवळच्या मुलीचा कागद पाहिला, शेजारच्या दोघींचा पाहिला.

"मुली बरोबर आहेत, मॅडम," ते म्हणाले. "गुणांची काळजी करू नका." आणि अजून हळू, "तुमच्या मोठ्या बाईंना मी काही बोलणार नाही."

"तुम्ही नका बोलू. मीच सांगणार आहे," बाई म्हणाल्या. परीक्षकांना नेमकी तेव्हाच शिंक आली, त्यामुळे पुढचं बोलणं राहिलं.

मुली गेल्या. परीक्षकही गेले. बाई मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन आल्या. खांद्यावर हात ठेवला गेला, ग्रंथालयाचं नाव निघालं, सगळं ठरल्यासारखं झालं. परत आल्या तेव्हा मामा टेबलं पुसत होते.

"तो सरांचा चंबू ओतू नका. खिडकीत ठेवा."

मामांनी ठेवला. बाईंनी एप्रन काढून घडी घातली, ती मोडली आणि पुन्हा घातली.

"मला तरी सांगायचं होतं, बाई," मामा टेबलाकडेच बघत म्हणाले. "मी काय गावभर बोंबलत सुटलो असतो?"

"सुटला असतात."

मामांनी थोडा विचार केला. "तेही खरंच."

बाई जुडग्यातून प्रयोगशाळेची किल्ली काढू लागल्या. कडी घट्ट होती. नख आत जाईना. मामांनी फडकं ठेवून हात पुढे केला, पण त्यांनी मान हलवली आणि स्वतःच काढली. किल्ली टेबलावर ठेवून त्या खिडकीपाशी गेल्या.

"आहे का रंग अजून?"

"आहे. पण जरा उतरलाय."

"उतरणारच. हवा लागते त्याला."

मैदानावर कुणीतरी चेंडू भिंतीवर आपटत होतं. बाईंनी खिडकीची एक बाजू लावली, पुन्हा उघडली. मामांनी उरलेली टेबलं पुसून घेतली, फडकं पिळलं, झटकून वाळत टाकलं.

"आता?"

मामांनी चंबू पांढऱ्या फरशीवर ठेवला. वाकून पाहिलं, मग दुसऱ्या बाजूने जाऊन पाहिलं.

"गेला. आता नुसतं पाणी दिसतंय."

"मलाही तेच दिसतंय," बाई म्हणाल्या. "आणा इकडे. हा मी विसळते."