अर्धी राहिलेली दाढी

बारामतीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात अनिता केसपेपरच्या रांगेत उभी होती, तेवढ्या दहा मिनिटांत तिचे वडील उठून गेले. बाकावर पिशवी तशीच होती. आबा नव्हते.

रावजीआबा म्हणजे निमगाव केतकीतले जुने पानमळेवाले. पंचाहत्तरी उलटली आणि दोन वर्षांत त्यांचं डोकं चालेनासं झालं. घर विसरायचे, माणसं विसरायची. आई वारलेली, भाऊ अविराज पुण्यात नोकरीला. म्हणून अनितानं त्यांना पणदऱ्याला, आपल्या सासरी आणलं होतं.

दवाखान्याचे तिन्ही मजले बघून झाले. रस्ता झाला, एसटी स्टँड झाला. पोलिसांनी फोटो घेतला आणि बसायला सांगितलं. तिला कुठलं बसवतंय! येताना आबा सारखे हनुवटीवरून हात फिरवत होते, ते तिला आठवलं. "दाढी वाढलीया. असलं तोंड घिऊन कुठं नेतीस मला?" आणि ती खेकसली होती, "डोळं दाखवायचंत आबा, दाढी न्हाय!"

जन्मभर दिवसाआड दाढी करणारा माणूस. जाऊन जाऊन जाणार कुठं?

पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात अनितानं पुरुषांच्या सलूनची पायरी कधी चढली नव्हती. पहिल्या दुकानात शिरली तेव्हा गळ्याला कापड बांधलेली तिन्ही डोकी आरशातून तिच्याकडे बघायला लागली. तिनं मोबाइलमधला फोटो पुढं धरला. "ह्यांना बघितलंय का कुणी?" कुणी बघितलं नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी काचेचं दार, आत गारेगार. काउंटरवरच्या माणसानं फोटोकडे न बघताच मान हलवली. तिसऱ्यात कुणीतरी हसत म्हणालं, "बायकांचं पार्लर वरच्या मजल्यावर हाय, मावशी." ती तशीच बाहेर पडली. बोलायला गेली असती तर रडूच आलं असतं. चौथं, पाचवं, सहावं. पाउडरचा आणि लोशनचा तो वास तिच्या नाकात बसला. दर दुकानात आत पाऊल टाकेपर्यंत वाटायचं, हितं असतील. आणि खुर्चीतला माणूस वळला की दुसराच निघायचा.

मंडईच्या मागं दोन खुर्च्यांचं एक जुनं दुकान होतं. म्हाताऱ्या मालकानं फोटो डोळ्यांजवळ नेला.

"आलते की. एक गाल झाला आन् ताडकन उठलं. तू जोतीराम न्हाईस म्हणाले. तोंडाला फेस तसाच, टॉवेल गळ्यात तसाच. मी हाका मारत कोपऱ्यापतुर गेलो, पर थांबलं न्हाईत."

"कवा?"

"दोन तास झालं असतील." मालक जरा घुटमळला. "ताई, राहिलेल्या गालावर कापल्याची जखम होती. ब्लेड तिकडं नेलं तशी अंगच चोरलं त्यांनी. कुणी केलती दाढी?"

"काय म्हाईत न्हाय," अनिता म्हणाली आणि बाहेर पडली.

तिनंच केली होती. दुकानात नेलं की आबा भांडायचे, म्हणून गेले चार महिने तीच घरी करायची. सोमवारी त्यांनी मान झटकली, तिनं जबडा दाबून धरला आणि ब्लेड आत गेलं. ते ओरडले. शेजारची भामाबाई धावत आली. तरी अनितानं त्यांना सोडलं नव्हतं. रक्त पुसत, रागारागानं उरलेली दाढी पुरी केली होती.

जोतीराम कोण, हे तिला माहीत होतं. इंदापूरचा न्हावी. बाजाराच्या दिवशी पानं विकून झाली की आबा त्याच्याकडे बसायचे. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती.

नवऱ्याला, विजयसिंहला, तिनं फोन केला. तो गाडी घेऊन आला आणि दोघं इंदापूरच्या रस्त्याला लागले. वाटेत टोपीवाला म्हातारा दिसला की ती काच खाली करायची. अविराजचा फोन आला. "तुझ्या नजरेसमोरनं गेलेच कसे?" तिनं फोन ठेवून दिला.

जोतीरामच्या दुकानात आता त्याचा मुलगा दीपक बसायचा. अनितानं गाडीतून उतरून फोटो पुढं धरला, तसा तो बाहेर आला आणि त्यानं दार मागं ओढून घेतलं.

"हायेत, आत हायेत. कंडक्टरनं आणून सोडलं."

अनिता दाराकडे निघाली, तसा दीपक आडवा झाला.

"ताई, थांबा जरा. ते म्हणत्यात घरात एक बाई हाय, ती धरून गाल कापती. तिच्याकडं धाडू नको म्हणून माझं हात धरलं त्यांनी. कोण हाय ती? मी पोलिसांत सांगणार हुतो."

विजयसिंह खाली बघायला लागला.

"मीच ती," अनिता म्हणाली.

काचेतून तिला आबा दिसत होते. दाढी पुरी झाली होती. खुर्चीत ऐसपैस बसून ते आरशात बघत होते. चार महिन्यांत तिनं त्यांना असं निवांत बघितलं नव्हतं.

"त्यांना घरापतुर सोडायला येशील का, भाऊ?" तिनं विचारलं. "तू संगं असलास तर येतील. मी पुढं बसते. बोलत न्हाय."

दीपकनं दुकानाला कुलूप लावलं. आबा त्याचा हात धरून मागं बसले. अनितानं डोक्यावरून पदर ओढला आणि तोंड खिडकीकडे केलं. निमगाव केतकी मागं पडलं तरी आबांनी बाहेर बघितलं नाही. ते दीपकशी जोतीराम म्हणून बोलत होते, पानांच्या कवळ्यांचे भाव, कुणाची लग्नं, कुणाचे बैल. मध्येच आवाज खाली करून म्हणाले, "म्होरं बसलीया ती कोण रं?"

"ड्रायव्हरची मंडळी," दीपक म्हणाला.

"बरी हाय न्हवं?"

"बरी हाय की, आबा."

पणदऱ्याला पोचल्यावर दीपकनं त्यांना आत नेऊन पलंगावर बसवलं. थोड्या वेळानं तो बाहेर आला. त्याला परतीची एसटी गाठायची होती. "माझ्यासंगं यायचं म्हणत हुते," तो हळूच म्हणाला. "येतो सांगून निघालोय." विजयसिंह त्याला स्टँडवर सोडायला निघाला, तेव्हा अनितानं नवऱ्याला अडवलं.

"तुमी नका जाऊ. त्यांना ताट तुमी न्या. मी सोडते ह्याला."

"तुला गाडी कुठं येती?"

तिच्या ते ध्यानातच नव्हतं. आतून आबांची हाक आली, "जोतीराम!" कुणीच हललं नाही. परत हाक आली. मग विजयसिंह आत गेला, आणि अनिता दीपकबरोबर स्टँडकडे चालत निघाली.