बद्द वाजलेला कप

घरातला एक माणूस मोठ्या पदावर चढला की साऱ्या गोताला वाटतं, आपल्यालाही शिडी मिळाली. याही घरात तेच झालं.

घरधनी रेल्वेचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीचे सर्वांत मोठे साहेब. पण आईच्या पोटातून कोट घालून आले नव्हते! अठराव्या वर्षी यार्डात लागले. उभ्या गाडीच्या एकेका चाकावर हातोडी मारायची आणि कान द्यायचा. खणखणीत वाजलं तर चाक ठीक, बद्द वाजलं तर तडा. पुढे हातोडी गेली, खुर्ची आली. खोड मात्र राहिली. कामावर काही बिघडलं की हा माणूस चहाच्या कपावर चमचा वाजवत बसायचा. ही खूण बायकोला ठाऊक, आणि तिनं ती हसत हसत भावाला सांगून ठेवलेली. हेच चुकलं बाईचं!

भावानं घरासाठी साठवलेला पैसा दाजींच्या कंपनीच्या शेअरमध्ये घातलेला. एका रविवारी सकाळीच तो हजर.

"दाजी, बाजारात कुजबुज आहे. विकू की ठेवू? नुसती मान हलवा."

"मान दुखतेय," म्हणत साहेब अंघोळीला गेले.

मग हा ताईमागे स्वयंपाकघरात. "तू तरी सांग. या आठवड्यात कप वाजला का?"

वाजला होता. तीन दिवस वाजत होता! पाठचा भाऊ, भाड्याच्या दोन खोल्यांत चार माणसं. तिच्या ओठांवर शब्द आला.

भाजी निवडणाऱ्या सासूबाईंनी मान वर केली. "काय रे, तू विकशील ते घेणार कोण?"

"कोणी का घेईना, मावशी!"

"त्याला बहीण नाही? आभाळातून पडला तो? आपल्या डब्याचं तडकलेलं चाक काढून दुसऱ्याच्या डब्याला लावणारा हुशार की हरामखोर, ते सांग आधी!"

ताईनं शब्द गिळला. "कप वाजला असता तरी सांगितलं नसतं, नसता तरी नाही. चहा घे."

बुधवारी कंपनीनं आपणहून जाहीर केलं: ब्रेकमध्ये दोष सापडला, विकलेला सगळा माल परत घेणार. शेअर निम्म्यावर आला! भावानं बहिणीचं तोंड पाहणं सोडलं.

अशा साहेबांनी किती शेअर घेतले-विकले, हे सगळ्यांसमोर मांडावं लागतं. दाजींनी आधीच गुपचूप विकले असणार, त्यांना पकडतोच, म्हणून भावानं ती यादी काढली. विकले, शून्य. उलट भाव पडल्यावर, कायद्यानं मोकळीक मिळताच, स्वतःच्या पैशानं आणखी घेतलेले!

तो खाली मानेनं आला. "दाजी, तुमचं तर माझ्या दसपट गेलं."

"पैसेच गेले ना? तो ब्रेक गाडीखाली राहिला असता तर माणसं गेली असती."

"ताई, तुला माहीत होतं?"

"होतं."

तो खाली बसला. मग म्हणाला, "बरं झालं नाही सांगितलंस. कुणाचं तरी घर बुडवून माझं बांधलं असतं मी."

सासूबाईंनी पुढ्यात चहा ठेवला. त्यानं हळूच चमचा मारला. खणखणीत!

"फोडशील, मेल्या!"

त्याचं घर अजून झालेलं नाही. त्याच दोन खोल्यांत आहे, पण ताठ मानेनं. तर मंडळी, मोठ्या माणसाचे नातलग असाल तर त्याच्याकडे आतली बातमी मागू नका. मागायचाच तर त्याचा कान मागा, आधी स्वतःतला तडा ऐकणारा!