पाच फेरे

तात्यांनी खडूने एक रेघ ट्रकच्या मागच्या टायरवर मारली, दुसरी ट्रकच्या पोटाखालच्या, इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या शाफ्टवर, आणि गुडघ्यांना शिव्या देत गोणपाटावर आडवे झाले. मागची दोन्ही चाकं उचललेली होती. मिस्त्री म्हणाला, सगळं बसवून झालंय, आता कशाला धूळ खाताय. पण मागच्या ॲक्सलला नवे गिअर बसवले की चाक एक फेरा फिरवायचं आणि तेवढ्यात शाफ्ट किती फिरतो ते मोजायचं, ही तात्यांची तीस वर्षांची खोड होती. शाफ्टचे फेरे जितके जास्त, तितका चढाला जोर जास्त. मिस्त्री एक वेळ थाप मारेल, फेरे मारत नाहीत. ही मोजणी त्यांनी मुलालाही तो दहा वर्षांचा असताना याच ट्रकखाली शिकवली होती.

आठवड्यापूर्वी जुन्या गिअरचे दात तुटले, तेव्हा तात्या, मुलगा आणि मिस्त्री इथेच गॅरेजच्या बाकावर बसले होते. पाच फेऱ्यांचे गिअर घेतले तर भरलेला ट्रक चढ मुकाट चढेल, पण सपाटीवर रडतखडत चालेल. पावणेचारचे घेतले तर महामार्गावर सुसाट पळेल, पण तात्यांच्या घराचा चढ भरल्या गाडीने विसरायचा. दोन दगडांवर पाय ठेवता येणार नाही, असं मिस्त्रीने बजावलं होतं.

तात्यांना विचार करायची गरजच नव्हती. घर चढावर, लाकडाची वखार घराशेजारी. ओंडके वर न्यायचे आणि संध्याकाळी घरी यायचं, हेच त्यांनी जन्मभर केलं होतं, आणि मुलानेही तेच करावं एवढंच त्यांचं मागणं होतं. शिवाय दोन चाकांत जोर वाटणारा डिफरन्शियल असा हवा होता, की एक चाक चिखलात घसरलं तरी सगळा जोर तिकडेच वाया न जाता दुसऱ्यालाही मिळेल. शेवटच्या वळणावरच्या चिखलाने त्यांना फार छळलं होतं. मुलगा प्रत्येक गोष्टीला हो म्हणाला. एका टायरवरून हमरीतुमरीवर येणारा हा पठ्ठ्या इतका गुणी कधी झाला, याचं तात्यांना कौतुक वाटलं. घरी जाऊन त्यांनी ते बायकोला दोनदा सांगितलं.

"फिरव," तात्या खालून म्हणाले.

मुलाने चाकाला हात घातला. पलीकडचं चाकही त्याच दिशेने फिरू लागलं. जुन्या डिफरन्शियलवर ते उलटं फिरायचं. म्हणजे डिफरन्शियल मागितला तोच बसला होता. तात्या खूश झाले आणि शाफ्टवरच्या रेघेकडे बघत मोजू लागले.

एक. दोन. तीन. चौथा फेरा पुरा व्हायला पाव फेरा बाकी असतानाच शाफ्ट थांबला. मुलाचा हात थकला असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी मान वळवून टायरकडे पाहिलं. टायरवरची रेघ पूर्ण फेरा मारून आपल्या जागी आली होती. म्हणजे पावणेचार.

मिस्त्री स्वच्छ पाना पुन्हा पुसू लागला. तात्यांना खालून मुलाचे फक्त बूट दिसत होते, आणि ते हलत नव्हते.

बाहेर येऊन जाब विचारावा, असं त्यांना वाटलं. पण विचारलं तर तो सांगेल. लांबच्या मार्गाचं काम कधी ठरलं, कुठे राहणार, सगळं सांगेल, आणि मग ते ऐकून घ्यावं लागेल. ट्रक त्यांनीच मुलाच्या नावावर केला होता. गिअर उतरवून घेता आले असते, मुलाला कसं अडवणार? असं हतबल त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"किती झाले, तात्या?" मुलाने विचारलं.

"पाच," तात्या म्हणाले. "पुरे पाच."

बूट मागे सरकले. मुलगा खाली वाकून डोकावला, तोवर तात्यांनी शाफ्टवरची रेघ अंगठ्याने पुसून टाकली होती. मुलाने हात दिला, त्यांनी तो धरला आणि कण्हत बाहेर आले. कपडे झटकताना दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

मुलगा जॅक उतरवायला पलीकडे गेला. तेव्हा तात्या मिस्त्रीजवळ सरकले.

"गाडी रिकामी असली तर घरचा चढ चढेल ना रे?" त्यांनी हळूच विचारलं.