डहाणूला नेलेली वांगी

उमेशच्या वडिलांचा मला रागच यायचा, कारण ते माझे वडील नव्हते. डहाणूच्या रिसॉर्टला त्यांनी लेकाचा मित्र म्हणून मलाही नेलं, पण नव्या मारुतीत रस्ताभर बापलेकांची थट्टामस्करी चाललेली, आणि मी मागे वांग्यांच्या पिशवीला टेकून.

हो, वांगी! मोतीलालकाकांना, म्हणजे उमेशच्या वडिलांना, समुद्रकाठी भरीत करायचं होतं. कपाशीच्या वाळक्या काड्याही जळगावहून आणलेल्या. पाणी लांब गेलेलं बघून त्यांनी ओल्या वाळूवरच जाळ केला. गेलेला समुद्र परत येतो, हे आम्हाला कुठलं ठाऊक?

वांगी भाजत आली आणि एक लाट थेट जाळावर आली. दुसरी गुडघ्यांच्या वर चढली. काकांनी उमेशला सोडून माझा हात घट्ट धरला आणि मला ओढत वर आणलं. उमेश मागून धडपडत, हसत आला. मला वाटलं, जिंकलो!

वर उभ्या प्रमिलाकाकू ओरडल्या, "अहो, पोटच्या पोराला सोडून आलात?"

"आपला काय, आपलाच आहे," काका धापा टाकत म्हणाले. "हा लोकांचा पोरगा. याला आधी धरायला नको?"

मी माझा हात सोडवून घेतला.