लेकीच्या तोंडचं मृत्युपत्र

माझ्या लेकीने, मारिएलाने, कादंबरी लिहिली. लिहू दे की! पण पहिलीच ओळ काय, तर "मी, ओब्दुलिया." अगं, ओब्दुलिया मी आहे! जिवंत, धडधाकट, नाक्यावर केळ्याचे तळलेले गोळे विकणारी. आणि तिसऱ्या पानावर ही 'मी' म्हणते, "नवरा सोडून गेला तेव्हा मी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही."

"खोड ते," मी म्हटलं. "'ती' लिही. बाहेरून बघितलंस ना, मग बाहेरूनच सांग."

"'ती' म्हटलं की सगळा जीव जातो त्यातला, आई. 'मी'च राहणार."

"मग मला विचारायचंस तरी!"

तिने कागद उचलले आणि आत गेली. पुस्तक छापायला जाणार होतं नव्या वर्षात. मीही हट्टाला पेटले.

आमच्या ग्वायाकिल शहरातल्या गल्लीत वर्षाच्या शेवटच्या रात्री सरत्या वर्षाचा पुतळा जाळतात. त्याआधी त्याचं मृत्युपत्र वाचतात, पुतळ्याच्याच तोंडाने: अमक्याला माझी ढेरी ठेवतो, तमकीला माझी चोंबडी जीभ. दरवर्षी ते मीच लिहिते. यंदा पुतळा केला लेकीचा. तिचाच जुना झगा, आत भुसा, नाकावर तारेचा चष्मा. घे म्हटलं, जशास तसं!

संध्याकाळी गल्ली जमली. मारिएला पुढेच, हाताची घडी घालून. मी तिच्यासारखं नाकात बोलायला लागले. "मी, मारिएला, शेजाऱ्यांना माझं शहाणपण ठेवते. कोरंच आहे, कधी वापरलं नाही." लोक हसून बेजार. "आईला तिचं आयुष्य परत देते. न विचारता उचललं होतं."

शेजारचा एउसेबियो ओरडला, "का नाही विचारलंस गं?"

याचं उत्तर मी लिहिलंच नव्हतं. पण पुतळ्याला गप्प बसता येत नाही, लोक सोडत नाहीत. मी तिच्याच आवाजात बोलून गेले, "विचारलं होतं. लहान होते तेव्हा. बाबा कुठे गेले म्हणून. आई म्हणाली, आधी जेव."

कुणी हसलं नाही. मला पुढचं वाचवेना. पुतळा जळायचा तेव्हा जळेल म्हटलं, आणि लेकीला दंडाला धरून घरी आणलं.

"'मी'च ठेव," मी म्हटलं. "पण तिसरं पान खोटं आहे. मी रडले होते. न्हाणीत, नळ सोडून, तुला ऐकू जाऊ नये म्हणून."

"ऐकू येत होतं, आई."

"मग तसं का लिहिलंस, बये?"

"तुला ते कुणाला कळायला नको होतं ना."

मी डोळे पुसले, खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसले.

"आता कळू दे," मी म्हटलं. "लिही. मी सांगते."